गल्लीच्या टोकाची भिंत

अहो,

त्या सकाळी मी अंगणात सडा टाकत होते आणि तुम्ही मोटर लावून टाकी भरत होतात. पाणी टाकीवरून वाहायला लागलं तरी तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही गल्लीच्या टोकाशी उभे राहून भिंत बांधणाऱ्या गवंड्यांना बघत होतात. "मोटर बंद करा हो!" मी दोनदा ओरडले. तुम्ही मागे वळलात ते हसतच. "आते आठे हॉर्नना तरास नही!" म्हणालात. आणि त्या गवंड्यांना चहा पाजलात!

तीच भिंत. तिच्यासाठीच आज लिहायला बसले. 'प्रिय' लिहायला हात धजत नाही, जन्मभर 'अहो'च म्हटलं. उद्या सकाळी आपला प्रशांत त्या भिंतीला टेकून, रस्त्यातच, चारचाकीसाठी पत्र्याची शेड उभारणार आहे. खांब सांगून झालेत. तुमच्याशी बोलल्याशिवाय मला त्याच्यासमोर उभं राहायचं नव्हतं.

तुमचंही चुकलं नव्हतं म्हणा. जन्मभर बस चालवली, म्हसावदच्या वळणावर, कळसाडीच्या बैलगाड्यांमागे हॉर्न वाजवून कान किटले. म्हणून आपण मुद्दाम शेवटचा प्लॉट घेतला. पुढे भिंत, भिंतीमागे ऊस. किती शांत वाटायचं! पण मग उसाचे प्लॉट पडले, आणि तिथल्या लोकांनाही शांतताच हवी होती. त्यांचा रस्ताही आपल्या भिंतीला येऊन थांबला. त्यांच्या पलीकडच्यांनीही तेच केलं. सगळ्यांनी बंद गल्लीच मागितली हो!

तुमच्या बसच्या पाट्या वाचत मी अक्षरं लावायला शिकले, आता वाचनालयातली पुस्तकं आणते. एकात गावांच्या रस्त्यांविषयी होतं. वाचताना मला केळीचा घड आठवला. केळी एकमेकींना चिकटून असतात, पण एकीतून दुसरीत जायचं तर आधी दांड्यापर्यंत जावं लागतं. आपल्या नव्या कॉलन्या तशाच आहेत. दांडा म्हणजे तो हायवे. जुन्या गावात असं नाही. तिथे एक गल्ली तुंबली तर दुसरीतून निघता येतं, आणि जाता जाता चार घरी बोलणं होतं.

ताईंना भिंतीपलीकडे घर घ्यायला तुम्हीच लावलंत. "बहीण पाठीला पाठ लावून राहील," म्हणालात. पाठ लागली खरी, पण मध्ये भिंत राहिली. भाजीची वाटी भिंतीवरून द्यायची, आणि भेटायचं तर रिक्षा करून हायवेवरून वळसा घालायचा. तुम्हाला तेव्हा त्याचं हसू यायचं. "आमची बॉर्डर," म्हणायचात.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी हंबरडा फोडला तो ताईंनी भिंतीपलीकडून ऐकला. त्या स्टुलावर चढल्या. त्यांचं नुसतं डोकं दिसत होतं. "वहिनी, मन्हा भाऊ तठे शे अन् माले जाता येस नही व!" त्या गुडघ्यांनी भिंत कशी चढणार? रिक्षा मिळाली, तर हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. आम्ही थांबलो होतो, पण किती थांबवणार? शेवटी तुम्हाला उचललं. हायवेच्या कडेला, ट्रॅक्टरांच्या धुरात, ताईंनी भावाचं तोंड पाहिलं. दहाव्यापर्यंत त्यांचं पिठलं-भाकरी भिंतीवरून येत राहिलं. घरात चूल पेटवायची नव्हती.

तुम्ही हे पाहिलं असतंत तर गवंड्यांना चहा पाजला असतात का?

मी प्रशांतला म्हटलं, भिंतीत माणूस जाईल एवढी वाट काढू, गाड्या नकोत. तो म्हणाला, "आई, बंद गल्लीच शे ना! शेड कोणले आडी येस?"

"आज बंद शे. शेड झाई का कायमनी बंद."

मग शेजारचे पाटीलभाऊ त्याच्या बाजूने आले. "वाट उघडी झाई तर चोर येतीन, वहिनी."

"चोरले भित चढता येस, भाऊ. तुमनी मायले येस का?" त्यांची आई ओट्यावर बसली होती. ती एवढ्या जोराने हसली की तिला ठसका लागला. तिची बहीण ताईंच्याच गल्लीत राहते, हे भाऊ विसरले होते. मग ते आईसाठी पाणी आणायला आत गेले. प्रशांत मात्र ऐकत नाही. तुमचाच मुलगा, हट्टाला पक्का.

मीही पक्कीच आहे. पत्रा एकदा ठोकला की लोकांना तिथे रस्ता होता हेही आठवत नाही. मागे उरलेल्या शेतांतही प्लॉटांसाठी चुन्याची फक्की पडलीय. ती माणसं आपल्याकडे बघूनच आखणी करतील.

म्हणून तुम्हाला शब्द देते. ताई हिंडत्याफिरत्या आहेत तोवर त्या स्वतःच्या पायांनी, भिंतीतून आपल्या अंगणात येतील. प्रशांतशी बोलणं तुटलं तर मीच पुन्हा जोडीन, पण वाट सोडणार नाही.

काल इथवर लिहून पत्र उशाखाली ठेवलं होतं. आज सकाळी खांब घेऊन टेम्पो आला. मी गल्लीच्या टोकाशी खुर्ची टाकून बसले. प्रशांत दारात उभा राहिला. मी उठले नाही, तसा टेम्पो परत गेला. मग मी साडी बदलली, नगरपालिकेत गेले आणि वाट मोकळी करण्याचा अर्ज देऊन आले.

तुमची,
शकुंतला