पूर्वमुखी घरावरचा वारा

८ फेब्रुवारी
वारा शून्य म्हणते. समोरच्या वहिनींची साडी तारावर फडफडून राह्यली, अन् आमच्या गॅलरीतलं हवामानाचं यंत्र म्हणते शून्य. रेणूनं रायपूरहून वाढदिवसाचं पाठवलं हे. तापमान, पाऊस सारं बरोबर, वारा तेवढा नाही. फोन केला तं पोरगी म्हणे, "आई, गॅलरी में हवा आएगी कहां से? छतावर लाव ना." मराठी अर्धीच येते तिले, पण अक्कल पुरी आहे.
हे म्हणाले, वारा पाहाले यंत्र कायले पाहिजे, खिडकी उघड. मी म्हटलं, भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा, आता रिटायर झाल्यावर तरी खरा आकडा पाहू द्या.

११ फेब्रु.
छतावर टाकीजवळ बांधलं. वाट्या फिरतात आता, पण दिशा घडीत उत्तर, घडीत दक्षिण. टाकीले आपटून वारा तिथल्या तिथं गरगरते. अजून वर न्यावं लागते.
गुडघे दुखून राह्यले. संध्याकाळी फक्त खिचडी.

१६ फेब्रु.
नळवाल्यानं लोखंडी पाइप उभा करून दिला, टाकीच्याही वर चांगला माणूसभर. यंत्रावर एक बाण असते, तो उत्तरेले करावा लागते. नळवाल्यानं विचारलं, उत्तर किधर? मी चष्मा शोधेपर्यंत आमच्या यायनं अंगणातून सांगून टाकलं, "घर पूर्वमुखी है, बाएं हाथ पर उत्तर." विषय संपला.
या गल्लीत दिशेच्या बाबतीत यायचाच शब्द चालते. फी नाही, पाटी नाही, पण कोणाचा चुल्हा कुठं, कोणाचा जिना कुठं, सारं हे सांगतील तसं. लोक आमच्या दाराकडं बोट दाखवतात, यायले सारे काकाजी म्हणतात: पूरब हो तो काकाजी के घर जैसा.

१७ फेब्रु.
दिवसभर वारा पाहिला. दुपारी ११ किमी. वरण करपलं. फार बरं वाटलं.

२ मार्च
कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटचे मालक पटलेजी पेढे घेऊन आले. घर बांधतात. अक्षय तृतीयेले भूमिपूजन, अन् दाराची रेघ काकाजीनंच आखून द्यायची. हे इतके खुश की दोन पेढे खाल्ले, शुगर असून. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

१० मार्च
आमच्यासारखे घरी यंत्र लावणारे मोबाईलवर एका ग्रुपात आहेत, त्यात एक गोंदियावाले. सज्जन माणूस. आज लिहिलं: ताई, तुमचा वेग माझ्याशी जुळते, पण दिशा कायम तेवढीच हुकते. आज चुकली, उद्या बरोबर, असं होत नाही. बाण पाहा एकदा.
मी लिहिलं, घराच्या डाव्या हाताले उत्तर आहे.
ते म्हणाले, घर कोणी सांगितलं पूर्वेले म्हणून?
राग आला. उत्तर दिलं नाही.
मग वर जाऊन मोबाईलचं होकायंत्र लावलं. पाइपजवळ एक सांगते, जिन्याजवळ दुसरं. गोंदियावाले म्हणतात लोखंडाजवळ त्याचा भरोसा नको, सूर्य पाहा.

१९ मार्च, पाडवा
सकाळीच भांडण. यायले गुढी माझ्या पाइपले बांधायची होती. "गल्लीत सगळ्यात उंच दिसन." मी म्हटलं, साडी अन् गडू लटकवल्यावर वारा काय कप्पाळ मोजन यंत्र? "एक दिवस नाही मोजला तं काय वारा पळून जाते?" शेवटी गुढी दाराशीच उभी झाली. दुपारी पुरणपोळी खाऊन दोघंही झोपलो, भांडण तिथंच राह्यलं.

२१ मार्च
आज सूर्य नेमका पूर्वेले उगवते, हे उभी जिंदगी पोरींले फळ्यावर काढून दाखवलं. स्वतःच्या छतावरून कधी पाहिलं नव्हतं. पाहाटे चढली.
दारासमोर उगवला नाही. पुष्कळ डावीकडं, शेजारच्या आंब्याच्या मागून वर आला. मी तिथंच उभी राह्यली.

२२ मार्च
एकदा पाहून म्हणायचं नाही. छतावर काठी रोवली, बुडाभोवती खडूनं गोल काढला. सकाळी सावलीचं टोक गोलाले टेकलं तिथं खूण, दुपारनंतर पुन्हा टेकलं तिथं खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. यायले सांगितलं पापडासाठी जागा आखून राह्यली.
घर पूर्वमुखी नाही. पूर्व अन् आग्नेयच्या मधात कुठंतरी तोंड करून बसलं आहे. आग्नेय! वास्तूत दाराले जे नाही पाहिजे ते.
कसं झालं तेही समजलं. प्लॉट घेतला ऐन डिसेंबरात. मी तेव्हा तिरोडीच्या शाळेत होती, शनिवारी यायची. यायनं उगवता सूर्य पाहून दोरी लावली. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं सरकलेला असते, तिकडंच दार झालं. म्हणून थंडीत ऊन थेट देवघरापर्यंत येते आमच्याकडं, अन् हे सर्वांले दाखवतात.

२३ मार्च
हे बाजारात गेलते तेवढ्यात स्टूल लावून बाण फिरवला. संध्याकाळी गोंदियावाल्यांचा निरोप: आता जुळलं, ताई. आकडे पाहात बसली. हा खरा वारा, आमच्या घरावरचा. चहा दोनदा केला.
यायले सांगितलं नाही. पटल्यांच्या रेघेचं काय ते पाहू. अजून वेळ आहे.

१ एप्रिल
गोंदियावाले: ताई, पुन्हा हुकून राह्यलं.
वर गेली. बाण जुन्या जागी. खाली येऊन विचारलं तं हे म्हणतात, "हौ, मीच सरळ केला. वाऱ्यानं सरकला होता तुझा बाण. तुले दिशेतलं काय समजते." अन् वरून, चांगलं काम केल्यासारखं हासले.
 हासू येऊन राह्यलं, अन् यायले सांगावं कसं हेही समजेना.

३ एप्रिल
सांगितलं. काल रात्री, जेवणं झाल्यावर. वाद होईन वाटलं होतं, झालाच नाही. एवढंच म्हणाले, "काठी कुठं आहे तुझी?"
आज दिवसभर वर होते, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. गोल स्वतः काढला, खुणा स्वतः केल्या. मी दोनदा मठ्ठा नेऊन दिला. चार वाजता खाली आले. "बरोबर आहे तुझं." मग हातपाय धुतले अन् टीव्ही लावला, आवाज बंद ठेवून.
बाण त्यायनंच नीट करून ठेवला.

९ एप्रिल
वारासिवनीचे एक जण नकाशा घेऊन आले होते, दुकानाचा गल्ला कोणीकडं ठेवू म्हणून. यायनं आतून सांगायले लावलं, तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत आहे. कारल्याची भाजी दोनदा घेतली.
संध्याकाळी फाटकाशी उभे राहतात रोज, तेही बंद. कोणी विचारलं तं काय सांगू, म्हणतात. मी म्हटलं, तीस वर्षं राह्यलो, काय वाईट झालं या घरात? "ते तुझं झालं. मी लोकांले सांगितलं त्याचं काय?"
मले फार वाईट वाटलं. आकडे आता चोख येतात, पण आज पाहिलेच नाही. खरं सांगू तं हा माणूस फाटकाशी उभा राहात असता, अन् वारा थोडा तिरपा राह्यला असता, तरी मले चाललं असतं.

१३ एप्रिल
मीच म्हटलं, पटल्यांकडं मी जाते, मी सांगते. "नाही. शब्द मी देल्ला." इस्त्रीचा सदरा काढून ठेवला, पण गेले नाही.
वादळी वारा आला दुपारी. ३८. पाइप हालला नाही. हेच पळत येऊन म्हणाले, अडतीस झाला, अडतीस. बोलले तं.

१८ एप्रिल
उद्या भूमिपूजन. आज सदरा घालून गेले. मी फाटकाशी. वेळ लागला तशी मले धास्ती, बीपीची गोळी घेतली की नाही.
आले. पायरीवरच बसले, चप्पल न काढता. मी विचारलं, सांगितलं? हौ. सारं? "सारं. डिसेंबर सांगितला, काठी सांगितली. म्हटलं, भाई, मेरा घर पूरब का नहीं है, आग्नेय की तरफ है, मैं इतने साल गलत बताता रहा."
मग? पटलेजी चिडले का?
"नाही ना. पेढा देल्ला. म्हणते कसा, काकाजी, हमने पूरब कब मांगा? हमको तो आपके घर जैसा चाहिए. आप दोनों ठीक हो, बेटी पढ़ गई, ठंड में धूप भगवान तक आती है. आग्नेय है तो आग्नेय सही, रेघ वैसी ही खींच दो."
मीही पायरीवर बसली. मले हासू आलं, यायचे डोळे भरले होते. मग म्हणाले, "आता सांग मॅडम, कोणती आखू? खरी की त्याले पाहिजे ती?"
मी म्हटलं, पाहू सकाळी.
"सकाळी नाही पाहू. तू चल संगं. काठी घे."
काठी दाराशी ठेवली आहे. काय सांगायचं ते अजून ठरलं नाही माझं.
वारा ७, वायव्येकडून.