मंजूले पाठवलेला आवाज

१९ मार्च
आज फोनातल्या ग्रुपात विचारलं — जेवले का सगळे? कोणी बोलेना. म्हटलं, "बरं, मेले समजते मी!" फटाफट सगळ्यांचे आवाज आले! नात खुशी डोळे वटारून म्हणते, "आजी, ज्यांचं मन आजारी आहे त्यांच्याशी असं बोलतात का?" ग्रुप तिचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बोलायचं काम माझं. सीमेपलीकडच्या किरनापूरची मंजू पोट धरून हसली. "जिती हाव जी, आजी!"

हे पण बोलूनच ठेवते. मी बोलते, फोन लिहितो. काय लिहितो तो जाणे!

२१ मार्च
मंजूनं मले एकटीलेच आवाज पाठवला. लेकरू पोटातच गेलं, तेव्हापासून तिले मागची विहीर बोलावते म्हणे. डॉक्टरच्या गोळीनं बोलावणं थांबलं. सासूले सांगितलं — कंबरेच्या गोळ्या आहेत. डोक्याच्या म्हटलं तर गावभर 'पगली' नाव पडते.

म्हटलं, "मग कंबर लवकर बरी करू नको, बाई!"

हसली. पण उशिरानं हसली.

२३ मार्च
मंजू दोन दिवस बोलली नाही.

२४ मार्च
राहवलं नाही. सकाळी आवाज पाठवला — "मंजू, डोक्याची गोळी घेतली का? विहिरीकडे फिरकू नको." आणि तिच्या घरी फोन एकच! ओसरीत शेजारच्या बाया मोहफुलं निवडत बसल्या होत्या. सासूनं बटण दाबलं. सगळ्यांनी ऐकलं.

दुपारी मंजूचा आवाज आला, अगदी बारीक. "आजी, ओसरीत सासूनं बायांपुढं लावलं. गोळ्या नालीत टाकल्या घरच्यांनी."

एवढंच. माझ्या तोंडाले कुलूप काहून नव्हतं?

२५ मार्च
मंजूच्या नंबरावरून लिहून आलं. खुशीनं वाचलं — "अब ठीक हूँ. फोन मत करना."

मंजूले अक्षर येत नाही, माझ्यासारखंच. मग लिहिलं कोणी? खुशी दिवसभर फोन लावून राह्यली. कोणी उचलत नाही. मी ग्रुपात दुसऱ्यांना हसवायले गेली. आज कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

तिथल्या आशाताईले, गावात दवा-गोळ्यांचं पाहते तिले, खुशीनं कळवलं. उद्या मंजूच्या घरी जाते म्हणाली.

२६ मार्च
मंजूच्या नंबरावरून फोन! सासू. शिव्या खायच्या तयारीनं कानाले लावला, तर ती रडून राह्यली. "आजी, ते लिहिणं माह्या प्रेमलालचं. तिच्या नवऱ्याचं. पोरीनं आतून कडी लावली जी. कोणाचं ऐकत नाही. तुमचं ऐकते. बोला काहीतरी!"

फोन तिनं दाराले लावून धरला. मी बोलत सुटली. चिडवलं, रागावली, तिखट भाजीची गोष्ट सांगितली. आतून काही नाही. आशाताई निघाली आहे. प्रेमलाल दार तोडायले सब्बल आणायले गेला.

घसा बसला. तिकडे खुशी बोलते आहे, तोवर पाण्याचा घोट. हे तिच्या फोनात बोलून ठेवते, माझ्या फोनावर मंजूचं दार आहे.

आवाज आला! दाराआतून, मंजूचा — "आजी कुठं गेली?"

आली बाई, आली —