चौदा पेट्या आणि छापा-काटा

९ जाने., ढोकी
सर आज फोनवर तडकलेच. "वैशाली, चौथ्यांदा फसलं. एकतर पेट्यांना पाळी लावून दे, नाहीतर विषय बदल." पाच वर्षं झाली पीएच.डी.ला, आणि आता विषय बदल! बदलणार नाही. लिहून ठेवते.

उसात बांधाबांधावर चौदा पेट्या. एकीला आग कळली की तिनं रेडिओवरून शेजारणीला सांगायचं, तिनं पुढं, थेट कारखान्याच्या शेडपर्यंत. काल खोट्या आगीचं बटण दाबलं. बातमी तिसऱ्या पेटीपुढं सरकेना. दोघी एकदम बोलल्या की ऐकणारीला एकीचंही कळत नाही, सगळं दुखणं तेच.

१० जाने., ईट, घरी
आई म्हणते, "फोन हायेत की समद्यांकडं."
"उसात रेंज असती का?"
"न्हाय. मग सर म्हंत्यात तशी पाळी लाव. पाटाच्या पाण्याला लावत्यातच की."

आईसुद्धा सरांच्या बाजूनं! पाटाला पाळ्या ठरवणारा पाटकरी असतो. माझ्या पेट्यांना कोण? आपल्याला शेजारणी किती, हेही पेटीला ठाऊक नसतं. तोडणी झाली की कोण कोणाला ऐकू येतं ते बदलतं. ट्रॅक्टरनं एखादी आडवी केली, की तिच्या भरवशावरची पुढची बसली वाट बघत.

माझं साधं आहे. बातमी हातात आली की एकदा बोलायचं, मग मनातल्या मनात नाणं उडवायचं. छापा, पुन्हा बोल. काटा, या फेरीपुरतं गप्प. बोलणाऱ्या साधारण निम्म्या-निम्म्यानं गळतात, एकटी उरली की तिचं पलीकडं ऐकू जातं. नाहीच जमलं तर नवी फेरी. कागदावर सिद्ध केलंय. मग उसात का मरतंय??

१३ जाने.
पेट्या काढून रफीकचाचांच्या दुकानात आणल्या. पेट्यांचे खांब त्यांनीच वेल्डिंग करून दिलेत. चौदाही टेबलावर मांडून चालू केल्या. नाण्याची भानगड चाचांना सांगितली. ते चहा पीत बघत बसले.
"बेटा, ह्या समद्या एकदमच का बोलायल्यात? लाल दिवे बघ. एकदम लागायलेत, एकदम इझायलेत. चौदा जणींनी नाणं उडवलं तर चौदा जणींना छापाच?"
"चाचा, तुम्ही वेल्डिंग बघा."
बोलून गेले मी, मग दिव्यांकडं बघितलं आणि पेटीतला प्रोग्रॅम उघडला.

पेटीतलं नाणं म्हणजे एका आकड्यापासून काढलेली आकड्यांची माळ. आकडा तोच तर माळ तीच. घरी तपासताना चूक सापडायला सोपं जावं म्हणून मीच सगळ्यांत एकच आकडा ठेवला होता. काढायचा राहिला. पद्धत बरोबर, बाई येडी.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन आधी चाचांकडं. माफी मागितली. म्हणाले, "तिळगूळ मी खातो, गोड तू बोलत जा." लई लाज वाटली.

१९ जाने.
प्रत्येकीला वेगळा आकडा. पेट्या परत उसात. दहादा बटण दाबलं, दहाही वेळा बातमी शेडपर्यंत! बांधावर उभी राहून ओरडले. तोडणीतली एक बाई कोयता घेऊन धावत आली, "साप निघाला का ओ ताई?"

२० जाने.
सरांना सगळं लिहून कळवलं. चूक माझी, पद्धतीची नाही. लगेच फोन.
"नशिबावर चालणारं काम समितीपुढं कसं मांडू?"
"नशिबावर नाही सर, गणितावर. फेऱ्या वाढवल्या की फसायची शक्यता पाहिजे तितकी खाली आणता येते. प्रबंधातलं चौथं प्रकरण वाचलंत ना?"
"चौथं म्हणजे कुठलं?" वाचलेलं नाही! पाच महिने त्यांच्या टेबलावर पडलंय. मग म्हणाले, "समितीला घेऊनच येतो. सगळ्यांसमोर चालव." या म्हटलं. खुशाल या.

३ फेब्रु., बांधावर, घाईत
सर आणि समितीचे दोघं आलेत. आल्या आल्या सरांनी मनाला येतील त्या दोन पेट्या उपटून गाडीत ठेवल्या. "आता?" मी म्हटलं, "आता काय, चालेल." म्हटलं खरं. फसायची शक्यता कितीही लहान केली तरी शून्य होत नाही, हे माझ्याइतकं इथं कोणाला ठाऊक आहे? भीती वाटते. तरी पाळी लावणार नाही.

विषय बदलायचा अर्ज सर छापूनच घेऊन आलेत, खाली माझ्या सहीची जागा सोडून. म्हणाले, "नाही चाललं तर इथंच सही करून टाक."
"आणि चाललं तर तुम्ही करा सर. प्रबंधावर. इथंच, गाडीच्या टपावर ठेवून."
समितीतल्या मॅडम हसल्या. सर नाही हसले. पेन मात्र खिशातून काढलंय.

बटण पहिल्या पेटीपाशी आहे. निघाले.