आवाज बाळाबाईचा

नवी दिल्ली
९ जानेवारी २०२५

ती. बाळाआत्यास,
ऋतुजाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र तू सांगितलंस तसं शेजारच्या गंगम्मामावशींच्या पत्त्यावर टाकते आहे. मोबाईलवरचं सगळं आधी मल्हारदादा वाचतो, आणि फोनवर तुला ऐकू येत नाही, तेव्हा आपल्या दोघींचं म्हणावं असं हे पत्रच उरलं. इथे थंडी इतकी की तू दिलेल्या दोन्ही चादरी एकावर एक घेऊन झोपते. रूममधली मुलगी त्यांच्यावर डोळा ठेवून आहे.

आता कामाचं. आमच्या राष्ट्रीय लोकध्वनी ग्रंथालयाने जुन्या सगळ्या टेपा संगणकावर घेतल्या आणि नव्या वर्षापासून तो संग्रह सगळ्यांना खुला केला. कुणीही घरबसल्या ऐकावं, उतरवून घ्यावं, कुणाची परवानगी लागत नाही. मराठी आणि कन्नड टेपा ऐकून नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आहे. परवा एक नोंद पुढे आली : धनगरी ओवी, सुंबरान, मंगळवेढे तालुका, गायक बिरप्पा. मी खुर्चीतून उठलेच. आपले मामा, मल्हारदादाचे आबा! ज्या टेपेमुळे त्यांचं नाव झालं तीच ही.

कान लावून ऐकली. आत्या, आवाज दाट आहे, भरदार आहे, पण बाईचा आहे. आणि ओळ संपताना शेवटचं अक्षर नाकात ओढून सोडायची ती सवय मी एकाच माणसाची ऐकली आहे. लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे आले की तू मला न्हाऊ घालताना तशीच गुणगुणायचीस.

मी चुकत असले तर रागव. चुकत नसले तर मला खरं काय ते कळव.

वडिलांनीही तुला नमस्कार सांगितला आहे. थोडी माया इकडेही पाठवावी.

तुझी
ऋतू


सोलापूर
ता. १८ जानेवारी

चि. ऋतुजास बाळाआत्याचा आशीर्वाद. पत्र पावलं. हितं समदे खुशाल.

अक्षर वाकडं हाय, हसू नको. साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी शिकलेलं अक्षर असंच चालतं.

गंगम्मानं तुजं पत्र पदराखालनं आणून दिलं. मी वाचत बसले आन् गॅसवरचं दूध उतू गेलं. मल्हारची सुकन्या धावत आली, तिला वाटलं माहेराकडचं कुणी गेलं की काय.

व्हय, तो आवाज माझा हाय.

आमच्या मेंढरांचा तळ तवा माणनदीच्या काठाला हुता. पुण्याचा एक साहेब टेप घेऊन आला. तुझ्या मामाला त्यानं आधीच सांगून ठिवलं हुतं, आन् नेमका त्याच दिवशी मामाचा घसा बसला. शब्द फुटंना. बाकी गडी बाजाराला गेलेले. साहेबाला परत जायची घाई. मामा म्हणाला, बाळा, तू म्हण, मी ढोल धरतो. सुंबरान म्हंजे बिरोबाचं नाव घेऊन ओवी मांडायची ती बाप्यानं, बाईनं न्हाय, असं आमच्यात. मी तर लहानपणापासनं मेंढरामागं चालताना म्हणत आलेली, मेंढरांनी कधी हरकत घेतली न्हाय. मल्हार पोटात हुता. मी गायले.

साहेबानं नाव इचारलं तवा गडी बाजारातनं परतत हुते, लांबनं दिसत हुते. मामा भ्याला. त्यानं आपलं नाव सांगितलं.

पुढं त्या टेपेनं त्याला मान मिळाला. लोक शाल घालायचे. घरी आला की ती शाल तो माझ्या अंगावर टाकायचा. लई शाली झाल्या. मला शाल नको हुती गं.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं इकली, सोलापुरात आलो. मी पुढं अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात जन्म काढला. मागांच्या खडखडाटानं कान नेले. आता बघ, जगातल्या कुणालाबी माझं गाणं ऐकता येतंय, आन् मलाच न्हाय. पण नाव तर मला वाचता येतंय! ते बदल.

मामाचं नाव पुसू नको मातर. ढोल त्याचाच हाय. ढोलापुढं त्याचं नाव लिव्ह, गाण्यापुढं माझं. मल्हारला मी सांगितलं न्हाय. सांगायची येळ आली तर भिणार न्हाय.

थंडीत कान बांधून हिंडत जा. कान लई मोलाचे असतात.

आत्या


सोलापूर
२ मार्च २०२५

चि. ऋतुजास मल्हारदादाचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोललो तर आवाज चढेल, म्हणून लिहितोय. तुमच्या ग्रंथालयाचं पत्र आलं. बिरप्पांचे वारस म्हणून नोंद बदलायला माझी हरकत आहे का, असं विचारलंय. आहे. तसं लेखी कळवलं.

तुला इथली परिस्थिती ठाऊक नाही असं नाही. आमच्या गजी नाचाच्या मंडळाला आबांचं नाव आहे आणि मंडळ मी चालवतो. गावी देवळापुढं आबांच्या नावाचं व्यासपीठ बांधून झालंय, पाडव्याला उद्घाटन आहे. आधी आबांची टेप लावायची, मग आमचा नाच. अशा वेळी दिल्लीहून कळणार की तो आवाज आबांचा नाहीच! म्हणजे माझा बाप खोटा. म्हणजे बाईनं म्हटलेलं सुंबरान आम्ही इतकी वर्षं देवापुढं लावलं. जुनी माणसं मला मंडळात उभं करतील का?

आई थकली आहे. तिला विचारलं तर ताठ मानेनं होय म्हणाली. पण जिला आवाज ऐकूच येत नाही, तिनं तो कुणाचा हे कसं सांगायचं?

साहेबानं आबांना त्या टेपेची कॅसेट पाठवली होती. ती लावून मी ढोल शिकलो. आबा गेले तेव्हा तीच लावून रडलो. एवढं माझ्याकडून काढून घेऊ नकोस. लहान बहीण आहेस, ऐकशील असं धरून चालतो.

तुझा
मल्हारदादा


नवी दिल्ली
११ मार्च २०२५

ती. मल्हारदादास सा. न.

तुझं पत्र वाचून डोळे भरले, पण मी ऐकणार नाही.

मी काहीच काढून घेत नाही, दादा. ज्या आवाजाला धरून तू रडलास तो तुझ्या आईचा होता, इतकंच. आणि मामांना कुणी खोटं म्हणत नाही. ढोल त्यांचा होता, तो त्यांच्याच नावावर राहील. आत्याने पहिल्याच पत्रात तसं बजावलं आहे.

घरचं प्रकरण म्हणून मी त्या नोंदीच्या कामातून बाजूला झाले. पण संग्रह सगळ्यांना खुला आहे, तशी त्यातली चूक दाखवायची मुभाही सगळ्यांना आहे. मी साधी श्रोती म्हणून अर्ज केला. त्यात एकच प्रश्न विचारला : गाणारी जिवंत आहे, मग गेलेल्या माणसाच्या वारसाला परवानगी कशाला मागता? आमच्या प्रमुख भुवनेश्वरी मॅडमनी अर्ज वाचला. मग म्हणाल्या, प्रश्न बरोबर आहे, पण आवाज तिचाच हे कळायला काहीतरी हवं.

पाडव्याला आत्याला घेऊन जाशील ना? पहिल्या रांगेत बसव. वहिनीला नमस्कार. रागावलास तरी चालेल, परका होऊ नकोस.

ऋतुजा


सोलापूर
ता. २ एप्रिल

चि. ऋतुजास आत्याचा आशीर्वाद.

तुला कुणी ना कुणी सांगितलंच असणार. तरी माझ्याकडनं ऐक.

मल्हारनं मला पहिल्या रांगेत बसवलं. पाटीवर लिहून दावलं, आई, आज काई बोलू नको. मी मान हलवली न्हाय, नुस्ती पाटी परत दिली.

टेप लावली. मला कळलं ते माणसांच्या तोंडावरनं. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले, पोरं गप झाली. मी त्यांच्याकडं बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझं गाणं ऐकणारी माणसं मला उजेडात दिसत हुती.

टेप मधीच तुटती की. साहेबाची रीळ संपली हुती, ओवी संपली नव्हती. मंडळ तितनं पुढं दुसरंच कायतरी जोडून म्हणतं. टाळ्यांना हात वर झाले तशी मी उठले. कुणी धरायच्या आत वर चढले. मल्हारच्या गळ्यातल्या ढोलावर तळवा ठिवला, आन् जितं रीळ तुटली तितनं धरलं.

देवा, कळप आला घरा, एक कोकरू उणं,
रान उलटंपालटं, त्याला शोधितं कोण?
देव म्हणं, मीच गेलो, काटं मोडलं पायाला,
राखणीचं पुण्य सारं दिलं राखणाऱ्या बाईला.

हे मी तवाच रचलं हुतं, मेंढरामागं. मामानं ते कधी म्हटलं न्हाय. ते माझं हाय हे त्याला ठाव हुतं.

मल्हारचा हात थांबला. त्यानं ढोल उतरवला, फळ्यांवर ठिवला आन् खाली उतरून गेला. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. ते लागलं मला, खोटं कशाला सांगू. कुणीतरी माईक बंद केला. अध्यक्षांचं तोंड उघडमीट व्हायलं, दोनचार जण हात नाचवत हुते. मला काय ऐकू येतंय! बहिरं असल्याचा एवढा फायदा कधी झाला नव्हता. मी तशीच म्हणत ऱ्हायले.

मग सुकन्या वर आली. पदर खोचला, ढोलापुढं बसली आन् टिपरू उचललं. घरात इतकी वर्षं नवऱ्याचा ताल ऐकलेली बाई, तिला काय शिकवायचं? मी शेजारी बसले, तळवा चामड्यावर. ताल हातातनं खांद्यात, खांद्यातनं घशात. मागं बसलेल्या बाया उठून पायऱ्यांपाशी आल्या. मंडळातला सगळ्यात म्हातारा येडूमामा काठी टेकत आला. त्या दिवशी बाजाराला गेलेल्या गड्यांतला तो एकच जिता हाय. वाटलं, हा आता मला ओढतोय खाली. त्यानं माझ्या पुढ्यात बसकण मारली आन् मांडीवर ताल धरला.

ओवी संपवूनच उठले. कुणाकुणाच्या मोबाईलात हाय म्हणं. मल्हारला आलेलं तुझं पत्र सुकन्यानं मला दावलंय, तवा तुझ्या मॅडमला हे दाव. आन् त्यास्नी सांग, म्हातारीला पुरावा मागितला, म्हातारीनं दिला.

जिवाला जप.

आत्या


नवी दिल्ली
२४ एप्रिल २०२५

ती. आत्यास साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं गाणं मी ऑफिसात ऐकलं, जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून. भुवनेश्वरी मॅडमनी जुनी टेप आणि पाडव्याचं गाणं एकापाठोपाठ लावलं. समितीतल्या एकाने आक्षेप घेतला की म्हातारीचा सूर हलतो. मॅडमनी विचारलं, ऐकू येत नसताना तुमचा किती टिकेल? मग त्यांनी तेच ऐकवलं, ओळीचं शेवटचं अक्षर नाकात ओढून सोडणं. दोन्हीकडे तेच.

नोंद बदलली, आत्या. आता जगात कुठूनही कुणीही उघडली तरी तिथे असं आहे :

गायन आणि रचना : बाळाबाई. ढोल : बिरप्पा.

हे पान मोठ्या अक्षरात छापून सोबत पाठवते आहे. आता कुणी टेप कपाटात कुलूपबंद करायची म्हटलं तरी जमणार नाही, कितीतरी लोकांनी ती उतरवून घेतली आहे.

एक विचारायचं आहे. पाडव्याचं गाणंही संग्रहात ठेवायचं म्हणतात, ढोलापुढे वहिनीचं नाव घालून. चालेल का? ही परवानगी तुझी आणि वहिनीची विचारते आहे, दुसऱ्या कुणाची नाही.

दादा कसा आहे? माझा फोन उचलत नाही. दोन ओळी लवकर धाड, वाट पाहते.

तुझीच
ऋतू


सोलापूर
ता. ५ मे

चि. ऋतुजास बाळाआत्या आन् सुकन्याकडनं आशीर्वाद.

दोघींची परवानगी हाय. सुकन्यानं खाली सही केली हाय, बघ, माझ्यापरीस सरळ हाय.

छापलेलं पान पावलं. बोट ठिवून ठिवून वाचलं. मग गल्लीत वाचायला दिलं, आता ते कुणाच्या घरात हाय तेबी ठाव न्हाय. असू दे.

मल्हार माझ्याशी बोलत न्हाय. जेवतो, कारखान्यात जातो, येतो. पाटी कोरी. पण मंडळानं त्याला सांगितलं, बायकोनं ढोलाला हात लावला, त्याची देवापुढं माफी माग. त्यानं माफी मागितली न्हाय. ढोल उचलून घरी आणला, आन् मंडळाला म्हणाला म्हणं, दुसरा बघा. सुकन्यानं मला लिहून सांगितलं. आता दुपारी ती वाजिवती आन् मी शेजारी बसते. तो बोलंल तवा बोलंल. मी काय त्याच्यासाठी खाली मान घालणार न्हाय, माझंच लेकरू हाय, त्यालाबी ते ठाव हाय.

आता नवीन ऐक. गंगम्मा तुमच्या संग्रहात शोधत बसली हुती. दुधनीकडची लग्नातली कन्नड गाणी तितं हायत, आन् गाणाऱ्याच्या जागी लिवलंय : स्थानिक महिला. त्यातला एक आवाज तिच्या आईचा हाय. गंगम्मा रडली न्हाय, चिडली. कन्नडमधी काय काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाय, पण तोंडावरनं कळलं. तिनं माहेरी निरोप धाडला. काल तिकडनं चार बाया आल्या, आमच्या एका खोलीत मावंनात. एकेक गाणं लावायचं, ऐकायचं, आन् ही अमकीची आई, ही तमकीची चुलती, असं सांगायचं. सुकन्या लिवती. मी च्या करते, मला ऐकायचं काम न्हाय.

तवा तुझ्या मॅडमला आधीच सांगून ठिव. दार सगळ्यास्नी उघडं हाय म्हणता न्हवं? आमी येतोय. एकटीदुकटी न्हाय, समद्या येतोय, आन् परत्येकीचं नाव लिवल्याबिगर बाहीर जाणार न्हाय.

आमच्यावर जीव असू दे. तुझ्यावर आमचा हायच.

बाळाबाई