शुक्रवारची हाक

५ जानेवारी २०२५, रविवार
आलो एकदाचे! कोन गावातल्या आमच्या स्वतःच्या घरातलं हे पहिलं पान. चार महिने दीपेश आणि मी घरं बघत होतो. धामणकर नाक्याची जागा गर्दीमुळे सोडली, वडपेची गोदामांच्या ट्रकमुळे. इथे लेकीची, रुचिकाची शाळा पाच मिनिटांवर, पाणी दोन वेळ, आणि खिडकीसमोर मोकळा प्लॉट, म्हणून उजेड भरपूर. मागच्या कारखान्यातल्या यंत्रमागांची, लूमची खडखड तेवढी आहे. होईल सवय. शेजार तर असा, की सामान लागायच्या आत समोरच्या आक्कांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पाठवली, वरच्या जाहिदाभाभींनी चहा. सगळ्यांनी आमची नावं विचारून घेतली. रुचिकाचंही, दोनदा.

१० जानेवारी, शुक्रवार
आज लूमना सुट्टी. दुपारी शांत झालं आणि सगळ्या घरांनी एकदम टीव्ही मोठे केले. आक्का तर ताट बडवत होत्या! त्या गोंगाटात प्लॉटवरून कुणीतरी दीपेशला हाक मारल्यासारखं वाटलं. तो ड्युटीवर होता. संध्याकाळी सांगितलं तर हसला.

१७ जानेवारी, शुक्रवार
दीपेश घरी होता. जेवून हात धूत असताना प्लॉटवरून हाक आली. त्याच्या आईचा आवाज. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मी त्याचं मनगट धरलं, तोवर त्याने ओ दिली होती. अनवाणीच उतरला. खिडकीतून पाहिलं, तो प्लॉटच्या मधोमध मांडी घालून बसला. मी पोचले तेव्हा अंग थंडगार. तोंड मातीने गच्च भरलेलं.
मी किती ओरडले. एकही दार उघडलं नाही.

२० जानेवारी, सोमवार
आक्कांनी सांगितलं. रडत, पण माझ्याकडे न बघता. प्लॉटवर इमारत होती. एका शुक्रवारी दुपारी बसली. ढिगाऱ्याखालचे लोक तीन दिवस नावं घेऊन हाका मारत होते. कुणीही ओ दिली नाही. तेव्हापासून ते बोलावतात. मी म्हटलं, मग आम्हाला आधी का नाही सांगितलंत?
"नवा मानूस आला का हाक त्याच्या घराला लागते, पोरी. आमची सुटते. माजा पोरगा भावेश गेला, तवा मना कोनी सांगितलं व्हतं?"
घर सोडून जाते म्हटलं. खालच्या मजल्यावरचा रामू पार सुरतेला पळाला होता, हाक तिथेही पोचली, म्हणाल्या. दुसरं बिऱ्हाड येईपर्यंत सुटका न्हाय.

२२ जानेवारी, बुधवार
घर विकायला काढलं. एजंटने गिऱ्हाईक आणलं. अरशद आणि बुशरा. तिला सातवा महिना. उजेड छान आहे म्हणाली. मग विचारलं, शेजार कसा आहे? आक्का दारातून माझ्याकडे बघत होत्या. रुचिका पायाशी खेळत होती. चांगला आहे — एवढंच म्हणायचं होतं.
घेऊ नका, म्हणाले मी.
ती दोघं गेली. आक्कांनी दार लावून घेतलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
रुचिकाच्या कानात कापूस. वरून ओढणी. टीव्ही, मिक्सर, दोन्ही चालू. लिहीत राहिले तर कान तिकडे जाणार नाहीत —
लूम थांबले आहेत.

वीज गेली.

दीपेशचा आवाज. माझं नाव नाही. तिचं. शाळेच्या फाटकातून हाक मारायचा तसा —

ओढणी सोडली तिने. एका हाताने तोंड दाबून धरलंय तिचं — चावतेय — सोडणार नाही, नाही —
निसटली. दाराशी — पप्पा आले म्हणतेय — रुचिका, ओ देऊ न