मागच्या दारापर्यंत झेंडू

१२ ऑक्टोबर १९८६, रविवार

नाही म्हणाले. अर्ज पाहिलासुद्धा नाही! पापांनी हातातला टायर खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, "ग्रासिएला, या घरातली मुलगी घर सोडते ती पांढऱ्या कपड्यांतच. एक तर लग्नाच्या, नाही तर कफनाच्या." मग टायर परत उचलला. संपला विषय.

ऑस्टिन काय चंद्रावर आहे? लारेदोहून बसने पाच तास. रामिरो दादा एकोणिसाव्या वर्षी ह्यूस्टनला निघाला तेव्हा बोकड कापला होता, गल्लीभर जेवणं! मी कॉलेजला जाते म्हटलं की कफन.

आई भांडी घासत होती. मागे वळूनही पाहिलं नाही तिने. मला तिचाच जास्त राग आला.

अर्जावर आईबापांपैकी एकाची सही लागते. पंधरा नोव्हेंबरच्या आत. गणिताच्या त्रेविन्यो बाईंनी तारखेखाली लाल रेघ मारून दिली आहे.

१५ ऑक्टोबर

ही खोली ओतिलिया आत्याची. पलंग तिचा, कपाटही तिचंच. पापांची धाकटी बहीण. मी जन्मायच्या आधी सॅन अँटोनियोला शिकायला गेली, कुणाचं न ऐकता, आणि तिकडेच न्यूमोनियाने गेली. मला एवढंच माहीत आहे. जास्त विचारलं की आई विषय बदलते, पापा खोलीच बदलतात.

कपाटाच्या दाराला आतून तिने पिनेने कोरलंय – "ओतिलिया, वय १९." आज कपडे टांगताना त्यावरून बोट गेलं. अंगावर काटा आला. दोन वर्षांनी मीही एकोणीसची होईन.

पापा एकदा जेवताना एकदम ओरडले होते, "तिच्यासारखं चालू नकोस!" मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही. मग माझ्या पायांना तिची चाल कुणी शिकवली?

१६ ऑक्टोबर

घर सोडलं आणि मेली. घर सोडलं आणि मेली. दिवसभर डोक्यात हेच.

२६ ऑक्टोबर

कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून इथे लिहिते.

दर दोन नोव्हेंबरला आपण वेदीवर मेलेल्यांसाठी ताटं मांडतो. आजोबांचं, आजीचं, ओतिलिया आत्याचं. मेलेले फक्त वास घेतात म्हणे, म्हणून ताटं जशीच्या तशी राहतात आणि मग ती आपण संपवतो. आजोबांचे मक्याच्या पिठाचे तामाले तसेच. आजीचा पाव तसाच. पण आत्याचं ताट? दरवर्षी चाटून पुसून साफ!

मी नऊ वर्षांची असताना तिच्या कपाच्या कडेला लाल डाग पाहिला होता. लिपस्टिक! आईला दाखवला. तिने कप हिसकावला, धुतला आणि म्हणाली, "उंदीर असतील." मी विचारलं, उंदीर लिपस्टिक लावतात का? कानाखाली बसली. आईने मला मारलं ते आयुष्यात तेवढं एकदाच.

स्मशानात आजोबा आहेत, आजी आहे. आत्याची कबर नाही. "तिकडेच पुरली," म्हणतात. मग जिची कबर इतकी लांब, ती इथे पोटभर जेवून जाते कशी?

१ नोव्हेंबर, शनिवार

वेदी मांडली. फोटो, मेणबत्त्या, पाण्याचे पेले, राळेचा धूर. आत्याच्या फोटोपुढे आईने पाकातला भोपळा ठेवला, दालचिनी जरा जास्तच घालून. तिला तसाच आवडायचा म्हणे. आवडायचा तर आवडायचा, पण सतरा वर्षांत एकदाही चुकू नये?

झेंडूच्या पाकळ्यांची वाट मात्र पापाच घालतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. बाकीच्यांच्या घरी ती पुढच्या दारापासून वेदीपर्यंत असते. आमच्याकडे मागच्या दारापासून, स्वयंपाकघरातून. शेजारच्या चायो काकू दरवर्षी हसतात, "काय हो फेर्मिन, तुमचे मेलेले चोरवाटेने येतात होय?" पापांचं उत्तर ठरलेलं – "घरचे लोक मागच्या दारानेच येतात."

हसू येत नाही मला. त्या वाटेवरून पाय टाकायचीसुद्धा भीती वाटते.

२ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहायचं.

सकाळी पापा आणि दादा स्मशानात निघाले, कबरी धुवायला. दादा कालच ह्यूस्टनहून आलाय. मेणबत्त्या एकट्या सोडायच्या नसतात, म्हणून दरवर्षी आई घरी थांबते. मला पापांबरोबर जायचं असतं, पण आज डोकं फुटत होतं. मी खोलीत पडून राहिले. आईला वाटलं, गेले सगळे.

निघताना पापा नेहमीप्रमाणे टोपी हातात घेऊन फोटोंपुढे उभे राहिले. मोठ्याने म्हणाले, "दहाला निघतोय. एकला येऊ." लहान असताना मी विचारलं होतं, मेलेल्यांना वेळ कशाला सांगायची? तर म्हणाले, "म्हणजे आम्ही आलो की दचकणार नाहीत."

अर्ध्या तासाने मागचं दार वाजलं. आई धावली. चपलांचा आवाज पाकळ्यांवरून आला – माझ्याच चालीचा! मी दाराच्या फटीतून पाहिलं.

फोटोतलीच बाई. केस पिकलेले, चष्मा, हातात पर्स. ओठ लाल. वेदीपुढे जमिनीवर बसली, स्वतःच्या फोटोपुढचं ताट ओढलं आणि जेवायला लागली.

मी किंचाळले असेन. आईने माझं तोंड दाबलं. "गप! मेली नाहीये ती. कधीच मेली नव्हती."

आत्या तोंडातला घास गिळून म्हणाली, "तशी मेलेच की, वहिनी. तुझ्या सासऱ्यांनी माझ्या नावाने चर्चमध्ये मेलेल्यांसाठीचा मिस्सासुद्धा म्हणवून घेतला. कागदोपत्री फर्स्टक्लास मेलेय!" आणि हसली. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू गेलं तिचं. "अगं बाई. केवढी झाली. वहिनी, ही माझ्या कपाटातून बाहेर आल्यासारखी दिसते गं."

सॅन अँटोनियोत हिशोबनीस आहे. लग्न केलं नाही. आजोबांनी घरात तिचं नाव घ्यायला बंदी केली, फोटो वेदीवर ठेवला – ती जिवंत असताना! आजोबा गेल्यावर पापांनी तो काढला नाही. त्याच वर्षी आईनेच तिला पत्र लिहिलं, "मेलेल्यांना एक दिवस घरी यायची मुभा असते. तूही ये." तेव्हापासून ती येते. बाराच्या आधी जाते. पापांना पत्ता नाही.

मी विचारलं, एवढं केलंस तर त्यांना सांगत का नाहीस? आई म्हणाली, "सांगितलं तर त्यांना नाही म्हणावं लागेल."

जाताना आत्याने माझे दोन्ही गाल धरले. हात गरम होते. भुताचे असे नसतात.

३ नोव्हेंबर

पापांनी रिकामं ताट पाहिलं. काही बोलले नाहीत. कधीच बोलत नाहीत.

१४ नोव्हेंबर

आईने सही केली. कणकेच्या हातांनी. कागदावर पिठाचा अंगठा उमटलाय. "सोकोर्रो" लिहायला तिला दोन मिनिटं लागली. म्हणाली, "एक लक्षात ठेव. जाशील तर ह्या माणसाच्या लेखी मेलीस. मला दोन ताटं भारी नाहीत."

मी खूप रडले. आनंदाने नाही.

२२ ऑगस्ट १९८७, शनिवार

दादा सोडायला आला. पापा टायरच्या दुकानातून बाहेर आलेच नाहीत. मी शटरपाशी उभी राहून "येते" म्हणाले. आतून टायरमध्ये हवा भरायचा आवाज. मी पुन्हा म्हणाले. हवा चालूच. तो टायर फुटला असता तरी मला वाईट वाटलं नसतं!

मी पांढरे कपडे घातले नाहीत. मुद्दाम लाल झगा.

१९ सप्टेंबर

घरी फोन केला. पापांनी उचलला. "हॅलो" म्हणाले. मी "पापा" म्हटलं. त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला, आपटला नाही, आणि आईला हाक मारली, "फोन आहे." कुणाचा ते सांगितलं नाही. इथल्या मुली विचारतात, घरची आठवण येते का? काय सांगू. मीच कुणाची तरी आठवण झालेय.

१ नोव्हेंबर १९८७, रविवार

आईचा फोन. कुजबुजत होती.

"त्यांनी स्वतः मांडला गं तुझा फोटो. ओतिलियाच्या शेजारी. शाळेतला." ती रडत होती, मी गार पडले. खरोखरच मेले मी, असं वाटलं.

मग म्हणाली, "पाकळ्या घातल्या मागच्या दारापर्यंत. आणि ऐक. निघायची वेळ ते दरवर्षी दोन तारखेला सकाळी सांगतात ना? आज सांगितली. तुझ्या फोटोपुढे टोपी काढून, स्वयंपाकघरात मला ऐकू जाईल अशी – 'ग्रासिएला, दहाला निघतोय. एकला येऊ.' आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'जा, फोन कर कुणाला करायचा असेल तर. ताट गार नको व्हायला.'"

पहाटे पाचला बस आहे.