सातारा डोंगरावरची थरथर

३ डिसेंबर २०२५, बुधवार
पाचला उठलो. मुकुंदवाडीहून स्कूटरवर शहराबाहेरचा सातारा डोंगर. ट्रायपॉड लावला. दव लागू नये म्हणून कॅमेऱ्यावर आशाची शाल बांधली. घरात दुसरं कापड हाताशी नव्हतं. दर पाच सेकंदांना एक फोटो, दीड तास. घरी येऊन फोटो जोडले. पाऊण मिनिटाचा सूर्योदय. सूर्य थरथरत वर येतो. खाली शहरही थरथरतं.

२१ तारखेला आशाचं वर्षश्राद्ध. तिला डोंगरावरून सूर्योदय बघायचा होता. मी सव्वीस वर्षं 'पुढच्या रविवारी' म्हणालो. आता तो मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवणार, असं फॅमिली ग्रुपवर टाकून बसलोय. वाळूजला कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. दोष शोधणं आपलं कामच. दोन दिवसांत सुटेल.

५ डिसेंबर
इंटरनेटवर वाचलं, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा वाऱ्यानं फडफडतो, त्यामुळं चित्र हलतं. पटलं. पट्टा काढला. शाल बांधली. चित्र तितकंच हललं. पट्टा निर्दोष.

७ डिसेंबर, रविवार
ट्रायपॉडला वजन हवं. मधल्या हुकाला पाच किलो ज्वारीची पिशवी टांगली. ती झोपाळ्यासारखी हलली. पुढच्या वेळी जमिनीला टेकवायची.
डोंगरावर सांडू नावाचे गृहस्थ शेळ्या चारतात. माझ्याच वयाचे. शाल कुणाची, असं विचारलं. कॅमेऱ्याची, म्हणालो. त्यांनी शालीची गाठ एकदा बघितली आणि शेळ्यांमागं गेले.

१० डिसेंबर
पिशवी टेकवली. ट्रायपॉडचे पाय आखूड केले. लेन्समधलं स्टॅबिलायझर बंद; ट्रायपॉडवर तेच चित्र हलवतं म्हणे. थरथर कायम. संशय बीड बायपासवरच्या ट्रकांवर. अंतर बरंच आहे, पण शक्यता नाकारता येत नाही. ट्रक मोजले. बावन्न. थरथरीशी मेळ बसला नाही. मोजण्यात चूक असावी.
पुण्याहून प्रेरणाचा फोन. आईची शाल धुवायला टाकली का, विचारत होती. वेळ नाही म्हणालो. मग म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा तरी रडलात का? तिला स्टॅबिलायझर समजावून सांगितलं. मुलगी हुशार आहे, पण मधेच विषय सोडते.

१४ डिसेंबर, रविवार
शेळ्यांच्या धावपळीनं जमीन हलते. सांडूंना त्या पलीकडं न्यायला सांगितलं. नेल्या. थरथर वाढली. म्हणजे शेळ्या वारा अडवत होत्या. परत बोलावल्या.

१९ डिसेंबर
सांडू शेजारी येऊन बसले. म्हणाले, "सायेब, शाल लई फडफडतीय. कॅमेऱ्याला थंडी वाजत नाय. तुम्हाला वाजतीय."
हा तांत्रिक विषय आहे, असं मी सांगितलं. व्हय, म्हणाले. गाठ मात्र तुम्हीच सोडा, मी हात लावनार नाय, असंही म्हणाले.
घरी सगळे फोटो पुन्हा पाहिले. जिथं जिथं चित्र हलतं, तिथं कोपऱ्यात एक निळी पट्टी डोकावते. मी तिला आभाळ समजत होतो. शालीची किनार निळी आहे.

२० डिसेंबर
शाल सोडली. खाली ठेवली असती तर शेळ्यांनी खाल्ली असती, म्हणून अंगावर घेतली. दीड तास. एकही फोटो हलला नाही. लेन्सवर दवाचा थेंबही नाही.

२१ डिसेंबर, रविवार
विधी पार पडला. जेवणं झाल्यावर टीव्हीवर लावलं. सगळे पुढं सरकून बघत होते. पाऊण मिनिट संपलं. आशाचे भाऊ काकासाहेब म्हणाले, "दाजी, झ्याक आलंय. पण पिक्चर सुरू कधी व्हायचा?"
आधी प्रेरणा हसली, मग सगळे. मीही. पुन्हा लावा म्हणाले. तीनदा लावलं. तिसऱ्यांदा मी उठून मोरीत तोंड धुवायला गेलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं. निघायला बराच वेळ लागला.

२२ डिसेंबर
सकाळच्या गाडीनं प्रेरणा गेली. शालीला शेळ्यांचा वास येत होता. बादलीत भिजवून धुतली. गच्चीवर वाळत घातली. वारा होता. चार चिमटे लावले.